ओहोटीला टाकलेला देव

आधी वासाबद्दल सांगते, कारण तो वास मला आत्ता टाइप करतानाही येतोय.

आमच्या नाहूरच्या घरात मोरीच्या दाराशी एक खिळा आहे. त्या खिळ्याला निर्माल्याची पिशवी टांगलेली असायची. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी काढलं की ते कचऱ्याच्या डब्यात जायचं नाही, त्या पिशवीत जायचं. झेंडू, जास्वंद, दुर्वा, उदबत्तीच्या जळक्या काड्या, फोडल्यावर आतून सडका निघालेला नारळ, सगळं त्यात. आणि पिशवी कापडी वगैरे नाही हां, भाजीवाल्याची पातळ प्लॅस्टिकची. आठवडाभर ते सगळं स्वतःच्याच पाण्यात भिजत बसायचं. शुक्रवारपर्यंत तळाला तपकिरी पाणी जमायचं, शनिवारी चिलटं यायची, आणि रविवारी सकाळी मी नाक दाबून ती पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवायचे. मग ऐरोलीकडे जाणाऱ्या खाडीपुलावर जायचं, खाली भिरकावायची आणि परत यायचं. कॉलेजला गेल्यापासून हे माझं काम. घरातली सगळ्यात पवित्र वस्तू आणि सगळ्यात घाण वास मारणारी वस्तू एकच होती, आणि हे मला कधी विचित्रसुद्धा वाटलं नाही.

त्या पुलाच्या कठड्यावर उंच लोखंडी जाळी लावलीय. लोकांनी खाली काही टाकू नये म्हणून लावलीय. लोकांनी काय केलं, जाळीलाच भोकं पाडली. चांगली खिडकीएवढी. तुटलेल्या तारांच्या टोकांना हारांचे दोरे लोंबत असतात, काही ठिकाणी तर हळदीकुंकू लागलंय, म्हणजे कोणीतरी त्या भोकाचीपण पूजा केली असणार. गाड्या थांबतात, मागचे पिवळे दिवे लुकलुकत ठेवून माणूस उतरतो, चपला काढतो (चपला काढतो यार, हायवेच्या पुलावर!), पिशवी भोकातून खाली सोडतो, डोळे मिटून नमस्कार करतो आणि निघून जातो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत नाहीत. देवाचं काम चाललंय ना.

मीपण चपला काढायचे. लिहिताना लाज वाटतेय, पण काढायचे.

आता फ्रेमचं सांगते. दिवाळीच्या आधी घर रंगवलं तेव्हा देवघरातले तीन फोटो खराब झालेले निघाले. एकाला वाळवी लागली होती, दोन आतून ओल येऊन पांढरे पडले होते. देवाच्या चेहऱ्यावर बुरशी. आईने नवे फोटो आणले आणि जुन्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, "सुक्या कचऱ्यात दे ना, काच वेगळी कर, फ्रेम वेगळी."

आम्ही मालवणकडचे, आई घरात मालवणीच बोलते. चिडली की ती अजून ठसक्यात येते. "देवाक कचऱ्याच्या डब्यात घालतलंस? माशांच्या काट्यांवांगडा? काय्येक वाटणा नाय तुका?"

"अगं, कागद आहे तो."

"कागद तुझ्या हापिसात. ह्यो देव आसा. जा, पाण्यात सोडून ये. आणि नीट सोड, फेकू नको."

तिने तिन्ही फोटो लाल कापडात बांधले, वरून हळदकुंकू, एक फूल, आणि मोठ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. काचेसकट.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे गंमत नाहीच, पण ऐका. त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, मी आमच्या ऑफिसबरोबर खाडीकाठी सफाईला गेले होते. तिवरांच्या कडेला. सगळ्यांना एकसारखे हिरवे टी-शर्ट, हातमोजे, टोप्या. टी-शर्ट प्रत्येकी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये आले होते आणि आम्ही ती कव्हरं तिथेच झाडात टाकली होती, हे मला नंतर फोटो बघताना दिसलं. तासभर आम्ही वेफर्सची पाकिटं उचलली आणि पुढचे दोन तास लवकर आलेल्या चार-पाच फ्लेमिंगोंचे फोटो काढले. एक मोठा बोर्ड ठेवला होता, वर लिहिलेलं: माणसावर निसर्ग जपायची जबाबदारी आहे का? प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं. मी लिहिलं, "आपण मालक नाही, पाहुणे आहोत." खाली गुलाबी पेनाने फ्लेमिंगो काढला. लोकांना एवढं आवडलं की मी त्याच्यासोबत उभं राहून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. शंभरेक लोकांनी बघितला. मला दिवसभर झकास वाटत होतं, हे जास्त भयंकर आहे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही पाहुणी तीन काचेचे फोटो घेऊन पुलावर.

जाळीच्या भोकातून पिशवी जात नव्हती, फ्रेम मोठी होती. मी तिरकी करून ढकलली. सुटली. आणि 'डुबुक' असा आवाज यायच्या ऐवजी आवाज आला खट्. मग बारीक खळ्ळ. मी वाकून बघितलं तर खाली पाणीच नव्हतं. ओहोटी होती. नुसता काळा, चकचकीत चिखल, लांबपर्यंत. पिशवी फाटलेली, लाल कापड सुटलेलं, आणि एक फ्रेम चिखलात उभी रुतलेली, अर्धी आत अर्धी बाहेर. देवाचं तोंड वर, माझ्याकडे. काच तडकून त्याच्या चेहऱ्यावरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा.

मला वाटलं काय? मला वाटलं, शिट, कोणी बघितलं तर. स्कूटी चालू केली आणि पळाले.

घरी आईने विचारलं, "बुडलो मां नीट?"

मी म्हटलं, "हो."

मुंबईच्या पोरीला समुद्र म्हणजे दादर-जुहूला पॉपकॉर्न खायची जागा. भरती-ओहोटी बघून घरातून निघायचं असतं हे आमच्या डोक्यातच नाही. आजोबा असते तर त्यांना कळलं असतं, ते गावाला होडीत वाढले. मिलमध्ये आले, मग आम्ही तिसऱ्या पिढीला बाराव्या मजल्यावर गेलो आणि खाडी म्हणजे खिडकीतून दिसणारी एक राखाडी पट्टी झाली. टाकायची जागा.

आता मावशी. आमच्या बिल्डिंगच्या गेटला रविवारी एक कोळीण मावशी बसायची. खाडीकाठच्या गावातली, साठीच्या पुढची, काटक. तिच्या पाटीत बाजारातली बर्फातली मासळी नसायची, तिने स्वतः खाडीतून काढलेलं असायचं. चिंबोरी म्हणजे मोठे खेकडे, कधी कोळंबी, आणि खुबे, म्हणजे चिखलात रुतून राहणारे ते गोल फुगीर शिंपले. आईचा आणि तिचा भाव ठरायचाच नाही. दोघी अर्धा तास भांडायच्या, मग आई तिला चहा द्यायची. आई तिला म्हणायची, "बाये, तुझी चिंबोरी भरलेली नाय हत." ती म्हणायची, "तुजा डोला भरलेला नाय, चष्मा लाव." हे दर रविवारी, माझ्या लहानपणापासून. मला ती पोरी म्हणायची, अजूनही.

तर दिवाळीनंतर मावशी आलीच नाही. एक रविवार, दोन रविवार. आई गेटवर जाऊन रिकामी परत यायची. "खयं गेली गो ही बया?" तिसऱ्या रविवारी मावशीची सून आली, पाटी घेऊन, पण पाटीत बाजारातले बांगडे. आईने तोंड वाकडं केलं. सून म्हणाली, "सासूचा हात गेलाय. काच लागली खाडीत. टाके पडले, मग सुजला. आता टाके निघाले, पण दोन बोटं वळत नाहीत."

आई "अरे देवा" म्हणाली.  मला तो आवाज परत ऐकू आला. खट्. मग खळ्ळ.

पुढचे आठ-दहा दिवस मी स्वतःला जे जे सांगितलं ते लिहायला हवं, कारण ते ओकारी येण्यासारखं आहे. एवढी मोठी खाडी, माझीच काच कशी असेल. लोक दारूच्या बाटल्या टाकतात, त्यांची असेल. आणि मावशीने हातमोजे घालायला नकोत का? ऑफिसमधल्या एकीला मी सहज असल्यासारखं विचारलं तर ती म्हणाली, "हे सगळं सरकारने बघायला पाहिजे ना, आपण एकेकटे काय करणार?" मला एवढं बरं वाटलं ते ऐकून! सरकार. हो ना, सरकार. मी तिला कॉफीपण पाजली.

मग एका रविवारी आईच म्हणाली, "चल, तिका बघून येवया." डब्यात पेज आणि फणसाचे पापड घेतले. मी नाही म्हणू शकले नाही.

मावशीचं गाव पुलापासून फार लांब नाही. डंपरच्या रस्त्याने आत जायचं, मग मिठागराची कड, मग बंधारा, मग घरं. बंधाऱ्यावरून पूल दिसतो. त्या रस्त्याला दोन्हीकडे काय काय पडलंय ते मी सांगत नाही, फक्त एक सांगते, एक कुत्रं मेलेलं होतं आणि त्याच्या अंगावर कोणीतरी थर्माकोलचं मखर टाकलं होतं. सोनेरी झालर लावलेलं. आई मागे बसून पदर नाकाला लावून "शी, शी" करत होती.

मावशी ओट्यावर बसली होती. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, जसा काही दुसऱ्याचा आहे. तळव्यातून मधल्या बोटापर्यंत जांभळी शिवण. मधलं बोट आणि त्याच्या बाजूचं बोट सरळच राहिलेली.

"अगो बाय," आई म्हणाली, "दुखता?"

"दुखत नाय. तेच तर. काय लागतच नाय त्याला." तिने ती दोन बोटं डाव्या हाताने वाकवली, सोडली, ती परत सरळ झाली. "डाक्टर बोलतो, आतली शीर कापली. व्यायाम करा बोलतो, चेंडू दाबा. मना चेंडू देतोय, या वयात."

आम्ही हसलो. मग तिने कसं झालं ते सांगितलं. खुबे काढायला ओहोटीला चिखलात उतरायचं, गुडघाभर, आणि कोपरापर्यंत हात आत घालून चाचपायचं. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनी कळतं. हा दगड, हे रिकामं शिंपलं, हा जिवंत खुबा. जिवंत खुबा बोट लागलं की किंचित मिटतो, ते मिटणं बोटाला कळलं पाहिजे.

मी विचारलंच. "हातमोजे?"

तिने माझ्याकडे बघितलं. "पोरी, हातमोजे घालून तू भाकरी थापशील? मोजा घातला का मंग समदा दगडच लागतो."

पुढे ती म्हणाली, "चाललंय ते चाललंय. पन चला, तुमाला आमचं देऊल दाखवते."

बंधाऱ्याच्या टोकाला एक पिंपळ आहे. त्याच्या खाली देव होते. मोजता येणार नाहीत इतके. फ्रेम एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या, आडव्या रचलेल्या, एकावर एक. एकाच देवाचे सात-आठ फोटो शेजारी शेजारी, सगळ्यांच्या तोंडावर चिखल वाळलेला. काही नुसते पुठ्ठे. काही फुटलेल्या मूर्ती, हात नाही, सोंड नाही. मधेच एक लग्नातला फोटो, कोणाच्या तरी मेलेल्या आजी-आजोबांचा, हार घातलेला. आणि वास. तोच. आमच्या मोरीच्या दाराशी असतो तोच वास, पण हजारपट, खारट.

"हे समदं खाडीतनं मी काढलं," मावशी म्हणाली. "पायाला लागतात ना. द्यावाला पाय कसा लावायचा? म्हनून वर आनून ठेवते. कचऱ्याची गाडी येते, मी त्या मानसाला बोलली, घेऊन जा बाबा. तो बोलला, मावशी, देव नको सांगू, बाकी मेलेली म्हैस पन नेतो. माझ्या घरात पोरं हायत." तिने हात झटकला. "तो नाय नेत. मी नाय टाकत. तुमी वरनं टाकता. देव बिचारा जाईल कुठं?"

 सगळे भाविक होते, तेच माझ्या अंगावर आलं. मी, आई, चपला काढणारे ते लोक, कचरागाडीवाला, मावशीसुद्धा. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी मिळून एवढ्या भक्तीने, एवढं सांभाळून, एका बाईच्या कामाच्या जागेत काचा पेरल्या होत्या.

मी वेड्यासारखी आमचे फोटो शोधायला लागले. लाल कापड, वाळवी लागलेली फ्रेम. सापडेना. सगळेच पांढरे पडलेले, सगळ्यांनाच वाळवी. ते सापडले असते तर काय, मी सुटले असते? ते चिखलातच असते तर काय, मी अडकले असते? मला कळतच नव्हतं मी कशासाठी शोधतेय. आई म्हणाली, "काय हुडकतंस?"

मी तिथेच उभं राहून सांगितलं. "मावशी, दिवाळीआधी मी तीन फोटो टाकले पुलावरून. काचेचे. खाली पाणी नव्हतं. ओहोटी होती. मी बघितलं आणि पळून गेले."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे पोरी. नाही म्हणाली.

"पानी नाय, ते दिसलं तुना?"

"हो."

"दिसलं, आनी गेलीस."

"हो."

"शिकलेली ना गो तू? एवढी फटफटी उडवत फिरतेस. खाली मानूस उतरतो हे म्हाईत नाय? इतकी वर्सं खुबे खाल्लेस ते काय आभालातनं पडतात?"

मी रडायला लागले तर तिचा आवाज अजून चढला. "रडू नको. मना ते नाय आवडत. बोटं माजी गेली नि रडतेस तू?"

आणि आई! आई मधेच माझ्यावर ओरडली, "तू बुडलो म्हणालंस! म्हणजे देव दोन महिने असो चिखलात पडान होतो?"

मावशी तिच्याकडे वळली. अगदी हळू बोलली. "बाय, तुजा द्याव चिखलान व्हता. माजा हात पन चिखलान व्हता."

  पेजेचा डबा आईच्या हातातच होता, तो तिने ओट्यापर्यंत परत नेऊन ठेवला. घरी आल्यावर तिने मोरीजवळची पिशवी खिळ्यावरून काढली, उघडली, वास घेतला. म्हणजे खरंच, तोंड जवळ नेऊन घेतला. आणि म्हणाली, "शी."

पुढच्या रविवारी तिने सामान भरलं. पकड, स्क्रू ड्रायव्हर, जुनी वर्तमानपत्रं, पोती, हळद, अगरबत्ती. मी म्हटलं, "काय करणार?"

"देव सोडवतलंव."

पिंपळाखाली आम्ही तिघी बसलो. पण पहिल्या फ्रेमला हात कोणीच लावेना. मी, जी घरी "कागद आहे तो" म्हणत होते, मीपण. पकड हातात धरून बसलेय आणि समोर देवाचे डोळे. मला वाटत होतं आईने करावं, आईला वाटत होतं मावशीने, मावशी म्हणाली, "माजा हात नाय." सोयीस्कर, म्हणजे खरंच नव्हता, पण तिच्या तोंडावरून कळत होतं की असता तरी तिने लावला नसता.

मग आई उठून उभी राहिली. चपला काढल्या, हात जोडले आणि चक्क गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गावाला देवळात काही मागायचं असलं की असं मोठ्याने घालतात, आणि बाकीच्यांनी मागून होकार द्यायचा असतो. गावाला हे गावकरी पुरुष घालतात. आईला मी कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत. आमी तुका पाण्यात सोडलंव म्हणालंव आणि चिखलात फेकलंव, ता तू पोटात घाल रे म्हाराजा. आता तुझी काच काढतंव, फ्रेम सोडवतंव, ता तुझो अपमान करूक नाय. आणि ह्या बायेचो हात होतो तसो कर रे म्हाराजा!" मग आमच्याकडे वळून दबक्या आवाजात, "'व्हय म्हाराजा' म्हणा गो."

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी.

आणि त्याच क्षणाला, मी खोटं सांगत नाही, लांब पुलावरून एक पांढरी पिशवी पडली. छोटासा ठिपका, खाली येताना फुगला आणि पाण्यावर बसला. वर गाडीचे पिवळे दिवे लुकलुकत होते. आईने हात जोडलेलेच ठेवून मान वर केली आणि त्याच गाऱ्हाण्याच्या सुरात, "मेल्या, तुझ्या हातात काटे भरले रे!" मावशी एवढी हसली की तिला ठसका लागला. "व्हय म्हाराजा!" ती म्हणाली.

मग काम सुरू झालं. मी पकडीने मागचे खिळे काढायचे, आई काच बाहेर ओढून वर्तमानपत्रात गुंडाळायची, मावशी डाव्या हाताने कागद सोलून हळदीच्या पाण्यात बुडवायची. कागदाचा लगदा झाला की पिंपळाच्या मुळाशी खड्ड्यात. वाचायला छान वाटतं ना? नव्हतं. फ्रेमच्या मागून झुरळं निघत होती, जिवंत. काचेच्या आत काळं पाणी साठलेलं, खिळा काढला की हातावर सांडायचं, कोपरापर्यंत ओघळायचं. एका देवाच्या पुठ्ठ्यात गांडुळांसारखं काहीतरी वळवळत होतं. मी दोनदा बाजूला जाऊन ओकले. आई प्रत्येक फोटोला वेगळं "क्षमा कर" म्हणत होती, विसाव्या फोटोनंतर नुसतं "क्षमा", मग नुसतंच "हं".

दुपारपर्यंत ढीग अर्धासुद्धा झाला नव्हता. पण काचेची तीन पोती भरली होती. ती उचलून बघितली तर मला एकटीला एक उचलेना. एवढी काच, आणि ही फक्त तिच्या पायाला लागलेली.

मी त्या बोर्डवरच्या माझ्या वाक्याचा विचार करत होते. पाहुणे म्हणे. जबाबदारी आहे का, विचारतात, जसं काही पृथ्वीवर उपकार करायचे आहेत आणि आपण ठरवतोय करावेत की नाही. पृथ्वी, निसर्ग, पुढच्या पिढ्या, एवढे मोठमोठे शब्द की त्यात मावशीचं बोट दिसतच नाही. मला निसर्गाचं काही कळत नाही खरं तर. मला एवढंच कळलं की जिथे एक बाई न बघता हात घालते तिथे मी काच टाकली, आणि ते करायला मला कोणी सांगितलं नव्हतं, थांबवलंही असतं जाळीने, मी जाळीतून टाकली. त्याला प्रश्नचिन्ह कसं लावायचं?

संध्याकाळच्या आधी पाणी उतरलं. मावशी बंधाऱ्यावर उभी राहून बघत होती. कितीतरी दिवसांत ती उतरली नव्हती.

"चल गो," ती मला म्हणाली. "उतर. शिकवते."

"मी?"

"मंग कोन, तुजी आई? ती बुडेल."

"माका आयकाक येता हां," आई वरून.

मी जीन्स दुमडून उतरले. चिखल वरून कोमट, आतून गार. पाय आत गेला की सगळ्या बाजूंनी धरतो आणि सोडताना एक घाणेरडा आवाज करतो. सडलेल्या अंड्यांचा वास, त्यात रॉकेलसारखं काहीतरी. मी मावशीच्या पावलात पाऊल टाकत होते, तेवढाच भाग काचेशिवायचा असेल अशा आशेने.

"आता हात घाल. बोटं सैल सोड. दाबायचं नाय, इचारायचं."

मी हात घातला. कोपरापर्यंत.  एक पिशवी लागली, बुळबुळीत, मी किंचाळले. मावशी म्हणाली, "पिशवी हाय. बाजूला कर." मग काही नाही, नुसता चिखल. मग एक गोल. ते जरासं हललं, खरंच मिटलं बोटाखाली. मी ओरडले आणि बाहेर काढलं तर खुबा! त्यानंतर अजून सहा निघाले. मी एवढी खूश, मी आईला वर करून दाखवतेय एकेक.

मग काहीतरी कडक लागलं. गुळगुळीत. मी थांबले.

"काय लागलं?"

"कडक आहे."

"गोल का धार?"

"कळत नाही मावशी."

"हालू नको. हात तिथंच ठेव."

ती माझ्या शेजारी वाकली आणि माझ्या हाताच्या बाजूने तिने आपला हात आत घातला. उजवा. सवयीने गेला तिचा उजवाच. माझ्या मनगटाला घासून तो खाली गेला, माझ्या बोटांवरून पुढे सरकला आणि त्या वस्तूवर टेकला. मला तिची ती दोन सरळ बोटं माझ्या बोटांवर जाणवत होती, लाकडासारखी. ती डोळे मिटून तशीच वाकून होती. बराच वेळ.

"मना पन नाय कलत गो," ती म्हणाली.

तिने हात बाहेर काढला, लुगड्याला पुसला, बोटांकडे बघितलंसुद्धा नाही. "सोड ते. हात वर घे, सरळ वर, घासू नको कशाला. चल, पानी भरायला लागलं."